चौकट नऊ

नियंत्रण कक्षाच्या दाराशेजारी एक पांढरा फळा टांगलेला होता. त्यावर दोन रकाने होते, ‘खरा’ आणि ‘खोटा’. टिटवीने दिलेला इशारा खरा निघाला की पहिल्या रकान्यात एक रेघ पडायची, खोटा निघाला की दुसऱ्यात. ज्याच्या ड्युटीत शंभरावी खोटी रेघ पडेल त्याने सगळ्यांना भडंग खाऊ घालायचं, असा तिथला रिवाज. हर्षदा बिराजदार सासवडजवळच्या या टेकडीवर रुजू झाली तेव्हा दर अकरा-बारा दिवसांनी भडंग होत असे. गेल्या चार महिन्यांत ते एकदाही झालं नव्हतं, आणि त्याला हर्षदाच जबाबदार होती.

टिटवी म्हणजे पृथ्वीभोवती फिरणारे तीन छोटे उपग्रह. गॅमा किरण हवेतून खाली जमिनीपर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे ते पाहायला वरच जावं लागतं. विश्वात कुठेतरी एखादा अवाढव्य तारा मरतो, त्याचा गाभा कोसळून कृष्णविवर होतं, आणि ताऱ्याच्या दोन्ही ध्रुवांमधून गॅमा किरणांचा झोत सुटतो. झोत आपल्या दिशेने असला तर काही सेकंद आकाशात एक ठिणगी दिसते. तिन्ही उपग्रहांना ती हजारांश सेकंदाच्या फरकाने दिसते, आणि त्या फरकावरून तिची दिशा काढता येते. वीस सेकंदांत इशारा खाली येतो. मग ड्युटीवरच्या माणसाने एका मिनिटात ठरवायचं, खरा की खोटा. खरा असेल तर टिटवी-तीनवरची क्ष-किरण दुर्बीण तिकडे वळते आणि तिच्यामागोमाग जगभरच्या दुर्बिणी माना वळवतात.

अडचण होती खोट्या इशाऱ्यांची. दिवसाला आठ-नऊ यायचे. हर्षदाने पहिल्याच महिन्यात एक फिल्टर लिहिला. आकाशाच्या चौकटी पाडायच्या, आणि एकाच चौकटीतून तीनदा इशारा आला की ती चौकट ‘शांत यादी’त टाकायची. तिथून पुढे तिचे इशारे नोंदले जातील, पण कोणाला उठवणार नाहीत. तर्क बिनतोड होता. मरणारा तारा एकदाच मरतो. जे पुन्हा पुन्हा येतं ते उपग्रहाचं दुखणं असतं, नाहीतर ओळखीचा एखादा खोडकर तारा. इशारे दिवसाला एकावर आले. कक्षप्रमुख काझी सरांनी तिला ‘शांतता समितीच्या अध्यक्षा’ ही पदवी दिली आणि आपल्या खर्चाने सगळ्यांना चहा पाजला.

मंगळवारी सकाळी सव्वानऊला तिच्या हेडफोनमध्ये ताईचा आवाज आला. ज्योत्स्ना बिराजदार, तिची थोरली बहीण, चार महिन्यांपासून अंतराळ स्थानकावर होती, तिघांच्या तुकडीची प्रमुख म्हणून. रविवार उदगीरला आईशी बोलण्याचा आणि मंगळवारची दहा मिनिटं धाकटीची, अशी त्यांची वाटणी होती.

“काय करायलीस गं, हर्षू?”

“चहा. तू?”

“मी पोह्यांच्या मागं पळायलेय. पाकीट जोरात फोडलं, आता सगळ्या खोलीत पोहे.” मागे कोणीतरी हसलं. “आणि तुझी टिटवी काय झोपली होती का काल?”

“का? काय झालं?”

“रात्री दहा एकोणीसला आमचे तिघांचे डोसीमीटर एकदम टुकटुकले. माझं म्हणणं, बिराजदारांच्या पोरीनं फोन केला असता, काही असतं तर.”

डोसीमीटर म्हणजे अंगावर किती किरण पडले ते मोजणारी डबी. दक्षिण अटलांटिकवर पृथ्वीचं चुंबकीय कवच खाली झुकलेलं आहे, तिथून जाताना ती वाजतेच.

“अटलांटिकवर असाल,” हर्षदा म्हणाली.

“जपानवर होतो बाई. भूगोल माझा बरा आहे तुझ्यापेक्षा.”

ताईचा निरोप घेऊन हर्षदाने कालची यादी उघडली. दहा एकोणीसला काही नव्हतं. दहाच्या आसपासही काही नव्हतं. तिला उगीचच बरं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की इशाऱ्यांची यादी एकच नाही. दुसरी तिने स्वतः बनवली होती, आणि चार महिन्यांत ती एकदाही उघडली नव्हती.

शांत यादीत, चौकट नऊसमोर, काल रात्री दहा एकोणीसची नोंद होती.

त्या चौकटीत एक जुना चुंबकतारा होता, अधूनमधून ठिणग्या उडवणारा. म्हणूनच चौकट शांत करताना कोणाला काही वाटलं नव्हतं. पण हर्षदाने सगळ्या नोंदी ओळीने मांडल्या. पहिले दोन इशारे फळ्यावर ‘खोटा’ म्हणून गेले होते. तिसऱ्याला चौकट शांत झाली. त्यानंतर तीन. एकूण सहा ठिणग्या. तिने त्यांच्यामधली अंतरं काढली आणि चहाचा कप हळूच बाजूला ठेवला.

एकेचाळीस दिवस. साडेवीस दिवस. सव्वादहा. पाच दिवस तीन तास. दोन दिवस साडेतेरा तास.

प्रत्येक वेळी निम्मं.

“अध्यक्ष, चेहरा का उतरलाय?” काझी सर मागे येऊन उभे राहिले. मोहसीन काझींना या कामात पंचवीस वर्षं झाली होती आणि त्यांना हरखून जाताना किंवा घाबरताना कोणी पाहिलं नव्हतं.

हर्षदाने आकडे दाखवले. ते खुर्ची ओढून बसले.

“निम्मं निम्मं होत जाणारी अंतरं एका ठिकाणी येऊन संपतात,” ती म्हणाली. “आणि शेवटचं अंतर जेवढं, तेवढाच वेळ उरलेला असतो. काल रात्री दहा एकोणीसपासून दोन दिवस साडेतेरा तास. गुरुवार, अकरा एकोणपन्नास.”

“चुंबकतारे असं हिशोबानं वागत नाहीत.”

“नाहीत ना.”

दहाच मिनिटांत त्यांनी टिटवी-तीनची दुर्बीण चौकट नऊकडे वळवली. चित्र खाली यायला वीस मिनिटं लागली. चुंबकतारा आपल्या जागी शांत होता. त्याच्यापासून जरासा बाजूला, पौर्णिमेच्या चंद्राच्या अर्ध्या रुंदीइतक्या अंतरावर, एक दुसराच ठिपका धगधगत होता. सूचीत तो तारा सापडला. सूर्याच्या वीसपट जड, स्वतःच्याच वायूत गुंडाळलेला, साडेसहा हजार प्रकाशवर्षांवर. त्याच्या नोंदीच्या शेवटी कोणीतरी वीस वर्षांपूर्वी एक ओळ लिहून ठेवली होती, की ताऱ्याच्या फिरण्याचा अक्ष जवळपास आपल्याच दिशेने आहे.

“म्हणजे बंदुकीची नळी इकडे आहे,” काझी सर म्हणाले. मग ती ओळ पुन्हा वाचून, “गाभा आचके देतोय. दर आचक्याला वरचा एक थर फुटतोय. मरायच्या आधीचं हे कोणी पाहिलेलंच नाही आजवर. सगळे इतके लांब होते, की शेवटचा स्फोट तेवढा दिसायचा.”

“मरायच्या आधीचं नाही, सर. साडेसहा हजार वर्षांपूर्वीच मेलाय तो. झोत वाटेत आहे.”

खाली जमिनीवर हवेचा थर होता. माणसांपर्यंत तो झोत थेट पोचणार नव्हता, त्याचे परिणाम नंतर, वेगळ्या वाटेने यायचे होते. पण वर हवा नव्हती. हर्षदाने आकडे घातले आणि उत्तर आलं तेव्हा ते पुन्हा घातले. स्थानकाची भिंत असो नसो, त्या किरणांसमोर उघडा पडलेला माणूस दोन-तीन दिवसांपलीकडे जगणार नव्हता.

वर त्या आठवड्यात बारा माणसं होती. नऊ जण परक्या स्थानकांवरचे, त्यांच्या पृथ्वीवर परतायच्या कुप्या तयार होत्या, ते खाली येऊ शकत होते. ताईची कुपी येऊ शकत नव्हती. महिन्यापूर्वी वाळूच्या कणाएवढा एक खडा तिच्या थंडाव्याच्या नळीतून आरपार गेला होता. राखीव कुपी घाईने सोडायची म्हटली तरी आठ दिवस लागत.

चौथी ठिणगी आली तेव्हाच अंतरांचं गणित दिसलं असतं. तेव्हा हातात सव्वादहा दिवस होते. हर्षदाने हे मनात म्हटलं आणि मग मोठ्याने म्हटलं, कारण काझी सर तिच्याकडेच बघत होते.

“फिल्टर मी मंजूर केला होता,” ते म्हणाले. “सही माझी आहे. आता रडायचं नाही. पृथ्वी मधे घालता येईल का ते बघ.”

तिला ते सुचलंच नव्हतं. स्थानक ब्याण्णव मिनिटांत एक फेरी मारतं. प्रत्येक फेरीत छत्तीस मिनिटं तो तारा पृथ्वीच्या आड असतो. बारा हजार किलोमीटर जाडीचा दगड. त्याच्यामागे असलं की काहीही होत नाही. तिने गुरुवारचं वेळापत्रक काढलं. अकरा तेराला स्थानक आडोशाला जाणार होतं आणि बरोबर अकरा एकोणपन्नासला बाहेर येणार होतं.

“नऊ-दहा मिनिटं उशीर करायला हवा त्याला,” ती म्हणाली.

त्यालाही उपाय होता. कक्षा थोडी उंचावली की फेरी थोडी लांबते. एक किलोमीटर वर गेलं की दर फेरीला सव्वा सेकंद उशीर. आत्ता उंचावलं तर गुरुवारपर्यंत तेहतीस फेऱ्या. तेरा-चौदा किलोमीटर उचललं की नऊ मिनिटं जमत होती. इंधन पंधरा किलोमीटरपुरतं होतं.

अकरा वाजता पडद्यावर स्थानक मोहिमेच्या संचालक कर्णिक मॅडम आल्या. त्यांनी सगळं मधे न बोलता ऐकून घेतलं, शेवटी चष्मा काढला.

“हे इंधन दोन वर्षांचं आहे, हर्षदा. ते जाळलं की स्थानक वर टिकवायला पुढचं मालवाहू यान येईपर्यंत माझ्याकडे काही नाही. आणि ही मागणी कोण करतंय? कमांडरची बहीण.”

“हो, मॅडम. बहीण आहे.”

“तुझं गणित म्हणतं, पुढची ठिणगी बुधवारी पहाटे पाच चारला. बरोबर? मग थांबू. ती आली की मी त्याच मिनिटाला सही करते.”

ऐकायला हे अगदी रास्त होतं. हर्षदानेही दुसऱ्या कोणाला हेच सांगितलं असतं.

“थांबलो तर निम्मा वेळ जातो, मॅडम. वीसच फेऱ्या उरतात. मग नऊ मिनिटांसाठी बावीस किलोमीटर उचलावं लागेल, आणि इंधन पंधराचंच आहे. पुरावा येईल, पण तो आल्यावर काही करता येणार नाही.”

“आणि तू चुकलीस तर?”

“मी एकदा चुकलेय. या ठिणग्या चार महिने चालणाऱ्या माझ्या फिल्टरनं दाबून ठेवल्या. तो नसता तर आज तुम्ही राखीव कुपी सोडली असती. हे मी लेखी देते. पण आकडे माझे नाहीत, उपग्रहाचे आहेत. काल रात्री वरचे डोसीमीटरसुद्धा त्याच मिनिटाला वाजलेत. त्यांना माझं नातं माहीत नाही.”

कर्णिक मॅडमनी चष्मा परत लावला. “स्थानक ज्योत्स्नाचं आहे. तिला विचारू. तूच सांग तिला. काहीही लपवू नकोस.”

सकाळपासून दुसऱ्यांदा ताईचा आवाज कानात आला, पण आता तो कमांडरचा होता. हर्षदाने सगळं सांगितलं. फिल्टरचंही.

“म्हणजे तू शांत बसवलंस त्याला,” ताई म्हणाली.

“हो.”

“लहानपणी मला कधी बसवता आलं नाही तुला.” पलीकडे कोणी हसलं नाही. “खरं सांग, हर्षू. शंभरात किती?”

“पंच्याऐंशी.”

“आणि उरलेल्या पंधरात माझं नुसतं इंधन जातं.”

“हो.”

“मग मॅडम, उचलायला लागू आम्ही. हर्षू, तू आईला काही बोलू नको. तिला रविवारी मी सांगते.”

बुधवारी पहाटे ठिणगी आली, पण पाच चारला नाही. पाच वाजून आठ मिनिटांनी आली. काझी सरांनी ‘खरा’च्या रकान्यात रेघ मारली आणि खडूसारखा तो पेन हातात तसाच धरून उभे राहिले. कर्णिक मॅडमचा फोन आला. त्या फक्त “आभारी आहे” म्हणाल्या. हर्षदाला मात्र ती चार मिनिटं दिसत होती. तारा हिशोबाने वागत होता, पण अगदी काटेकोर नव्हे. आणि हाताशी असलेला सगळा आडोसा नऊ मिनिटांचा होता. आणखी उचलायला इंधन नव्हतं.

त्या दिवशी बातमी जगभर गेली. परक्या स्थानकांवरचे नऊ जण संध्याकाळपर्यंत समुद्रात उतरले. झोत पृथ्वीच्या त्या अंगावर पडणार होता जिथे तेव्हा प्रशांत महासागर आणि दोन्ही अमेरिका असतील. तिथल्या लोकांना सांगितलं गेलं, घरात थांबा, आकाशाकडे बघू नका. आपल्या बाजूची माणसं सुटलो म्हणाली. दुपारी चहाच्या टपरीवर एकाने हर्षदाला विचारलं, “मॅडम, आपल्याला काही नाही ना?” ती “आत्ता तरी नाही” म्हणाली, आणि त्याला पुढचं विचारायला वेळ न देता टेकडी चढून आली.

गुरुवारी ठिणग्या जवळ जवळ येत गेल्या. आठ वाजता. दहाला पाच कमी असताना. अकराला. प्रत्येक वेळी थोड्या उशिराने, आणि प्रत्येक उशिरासरशी शेवटाचा अंदाज पुढे सरकत होता. एकोणपन्नास. बावन्न. चौपन्न. अकरा बावीसला स्थानक आडोशाला गेलं. ते अठ्ठावन्नला बाहेर येणार होतं.

टिटवी-एक आणि तीन पृथ्वीच्या आड होत्या. टिटवी-दोन उघड्यावर होती, तिला हलवायला वेळच नव्हता. पडद्यावर तिची रेघ मिनिटागणिक उसळत होती. अकरा एकेचाळीसला. अठ्ठेचाळीसला. बावन्नला.

चौपन्न झाले. काही नाही.

“ताई,” हर्षदा माईकमध्ये म्हणाली, “तुम्ही चार मिनिटांनी बाहेर येताय.”

“माहीत आहे. मधल्या खोलीत आहोत तिघं. पाण्याच्या पिशव्या भोवती रचल्यात. त्याचा काही उपयोग होईल का?”

“फार नाही.”

“मग सांगायचं कशाला, होईल म्हणायचं,” ताई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “अजून नाही आलं?”

पंचावन्न. हर्षदाने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. आयुष्यात पहिल्यांदाच ती एखादा तारा लवकर मरावा म्हणून मनापासून प्रार्थना करत होती.

अकरा छप्पन्न आणि वीस सेकंदांना टिटवी-दोनची रेघ सरळ वर गेली, मोजपट्टीच्या टोकाला चिकटली, आणि पडदा रिकामा झाला. उपग्रहाने पाठवलेलं शेवटचं पाकीट अर्धंच होतं.

“आलं,” काझी सर म्हणाले.

झोत किती वेळ टिकतो हे कोणालाच ठाऊक नव्हतं. काही सेकंद टिकतो, कधी दोन मिनिटंही. स्थानकाकडे शंभर सेकंद होते. टेकडीवरच्या खिडकीतून दुपारचं नेहमीचं ऊन आत येत होतं. आवारात माळी पाइप घेऊन झाडांना पाणी घालत होता. प्रशांत महासागरातल्या एका बेटावरचा प्रकाशमापक तेवढा चालू होता, झोत हवेवर आदळून आकाशात जो निळसर उजेड पडतो तो मोजत. त्याचा आकडा चढत राहिला, मग थबकला, मग पडू लागला. एकेचाळीस सेकंद.

अठ्ठावन्नला स्थानक बाहेर आलं.

“ताई?”

खरखर. वरचं सगळं आकाश विजेने भारलेलं होतं, आवाज येणारच नव्हता. हर्षदाला हे समजत होतं. तरी ती हाक मारत राहिली. सहा मिनिटांनी, तुटक तुटक, शब्द आले.

“…आहोत गं. तिघंही. डोसीमीटर गप्प आहेत.”

कोणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. कर्णिक मॅडम पडद्यावर तोंड फिरवून डोळे पुसत होत्या. हर्षदा खुर्चीत बसली, तेव्हा तिला कळलं की ती इतका वेळ उभी होती.

दीड तासाने, पुढच्या फेरीत, स्थानक प्रशांत महासागरावर आलं. आता आवाज स्वच्छ होता.

“हर्षू, एक विचारायचं होतं. चार महिने मी ही कड रोज बघते. पृथ्वीच्या कडेला निळी रेघ असते ना, हवेची? इथं ती निळी नाही.”

“कशी आहे?”

“तपकिरी. चहा सांडून वाळल्यावर डाग पडतो तशी. आणि छोटी नाही गं. मी खिडकी बदलून पाहिलं. इकडून तिकडे, दिसतंय तिथवर.”

काझी सरांनी डोळे मिटून घेतले. झोताने हवेतला नायट्रोजन फोडला होता. त्याचा तपकिरी वायू आता ओझोन खात बसणार होता, आणि वारे त्याला एका अंगाला राहू देणार नव्हते. काही महिन्यांत तो जगभर पसरायचा होता. सासवडवर, उदगीरवर. मग उन्हात उभं राहणं, शेतात काम करणं, बियाणं उगवणं, यातलं काहीच पहिल्यासारखं राहणार नव्हतं, आणि किती वर्षं, ते त्या रेघेच्या गडदपणावर अवलंबून होतं. सगळं स्थानक, दोन्ही नियंत्रण कक्ष आणि बाहेर जोडलेले पत्रकार हे संभाषण ऐकत होते.

कर्णिक मॅडमनी पडद्यावरून हात वर केला. थांब, आत्ता नको, असं सांगणारा. आत्ताच लोक टाळ्या वाजवत होते. आधी तपासून घेऊ, समिती बसवू. एवढ्यात कशाला.

“काचेचं काही असेल का?” ताई विचारत होती. “काचेवर काही जमलं असेल. खोटं असेल ना?”

हर्षदाने माईक जवळ ओढला.

“काच नाही, ताई,” ती म्हणाली. “खरं आहे. किती गडद आहे ते नीट बघ, आणि एक एक करून मला सांग. मी लिहून घेतेय.”